थंडीच्या गावात झिपरं झाड

ऑस्ट्रेलियातलं एक झाड, वर्षाला जेमतेम बोटाच्या जाडीइतकं वाढणारं. ते लंडनच्या ढगाळ, चिखलट अंगणात जगेल का? हॅरोच्या एका मराठी घरापासून ट्रेस्को बेटापर्यंत फिरून काढलेलं उत्तर.

आधी एक सोपा प्रश्न. ग्रास ट्री म्हणजे गवत की झाड?

उत्तर आहे, दोन्ही नाही! नाव काहीही असो, हा प्राणी आपल्या कोरफडीचा नातेवाईक. वनस्पतिशास्त्रवाल्यांनी त्याला कोरफडीच्याच कुळात बसवलंय. दिसायला मात्र एकदम हटके. खाली काळपट, खडबडीत बुंधा आणि वर उलट्या खराट्यासारखा हिरव्या, बारीक, लांब पात्यांचा झुबका. जुनी पाती वाळली की गळून पडत नाहीत, बुंध्याभोवती परकरासारखी लोंबत राहतात. फुलावर आलं की मधोमध भाल्यासारखा सरळसोट दांडा निघतो. आपल्याकडचं बाजरीचं कणीस आठवा आणि ते माणसाहून उंच करून बघा. तस्संच!

शास्त्रीय नाव झँथोरिया. इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ जेम्स एडवर्ड स्मिथ याने १७९८ मध्ये ते दिलं. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ 'पिवळं वाहणारं', कारण याच्या बुंध्यातून राळ पाझरते. ऑस्ट्रेलियाच्या नैऋत्येला राहणाऱ्या नूंगार लोकांचं याच्यासाठीचं नाव त्याहून कितीतरी जुनं, 'बाल्गा'. ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांसाठी हे झाड म्हणजे हार्डवेअरचं दुकान आणि किराणा दोन्ही. राळेने दगडी पातं दांड्याला चिकटवायचं, वाळक्या दांड्यावर काडी घुसळून विस्तव करायचा आणि फुलं पाण्यात बुडवून गोड सरबत प्यायचं.

आता खरी गंमत. या झाडाचा बुंधा लाकडाचा नसतो. जुन्या पात्यांची बुडं एकावर एक रचली जातात, राळेने चिकटतात आणि तोच बुंधा. प्रजातीप्रमाणे आणि जागेप्रमाणे फरक पडतो, पण ढोबळमानाने वर्षाला एक ते दोन सेंटिमीटर. म्हणजे कमरेएवढा, एक मीटरचा बुंधा दिसला तर समजायचं, या झाडाने पन्नास ते शंभर वर्षं काढलीत. सगळं 'काल हवं होतं' अशा डेडलाइनवर जगणाऱ्या आपल्यासारख्यांना हा हिशेब पचायला जरा जडच.

हॅरोच्या अंगणातला पाहुणा

लंडनच्या वायव्येचं हॅरो म्हणजे अर्धं गुजरात आणि थोडं पुणे. स्टेशनबाहेर ढोकळा मिळतो, आणि रविवारी सकाळी गल्लीतून फोडणीचा वास येतो. माझी मावसबहीण तिथे राहते. ताई आणि जिजू दोघंही आयटीत. आले होते 'फक्त दोन वर्षांसाठी'. मी २०२४ च्या मे महिन्यात त्यांच्याकडे गेले तेव्हा त्या दोन वर्षांना अकरा वर्षं झाली होती! घर टिपिकल इंग्लिश सेमी-डिटॅच्ड. पुढे गाडीपुरती जागा, मागे लांबट अंगण. शेजाऱ्यांकडे गुलाब, हायड्रेंजिया, कापलेली हिरवळ. आणि ताईकडे फरशीवर मोठ्या मातीच्या कुंडीत हे झिपरं झाड, गुडघ्यापेक्षा थोड्या उंच बुंध्याचं.

''लोक नवीन टीव्ही घेतात, आम्ही हे घेतलं,'' जिजू म्हणाले. किंमतही साधारण तेवढीच. लॉकडाऊनमध्ये दोघांना बागकामाचं वेड लागलं, नर्सरीच्या चकरा सुरू झाल्या आणि २०२२ च्या वसंतात हे साहेब घरी आले.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात लंडनमध्ये बर्फ पडला. आठवडाभर पारा वर यायचं नावच घेईना. ब्रिटनभरच्या हौशी बागांमधली परदेशी झाडं त्या थंडीत काळी पडली. ताईचं झाड मात्र हिरवंगार!

''मग टेन्शन कसलं?'' मी विचारलं.

''अगं, तेच तर टेन्शन,'' ताई म्हणाली. ''हे झाड मेलं तरी कळत नाही.''

खरंच आहे. ग्रास ट्रीचं मूळ दुखावलं किंवा कुजलं तरी वरची पाती पुढे कित्येक महिने, कधी वर्षभराहूनही जास्त, हिरवी राहू शकतात. मग एक दिवस मधला झुबका हातात सुटून येतो. म्हणजे तुम्ही रोज सकाळी चहाचा कप घेऊन ज्याला 'गुड मॉर्निंग' म्हणता, ते झाड आहे की झाडाचा फोटो, हेच कळत नाही.

यावर ताईने शोधलेला फंडा भन्नाट होता. या झाडाची पाती गवतासारखी बुडातून वाढतात. तिने मार्च २०२३ मध्ये अगदी मधल्या चार-पाच कोवळ्या पात्यांवर लाल नेलपॉलिशने एका रेषेत खूण केली. झाड जिवंत असेल तर खूण वर सरकणार. एप्रिल गेला, काही नाही. मे गेला, काही नाही. जूनमध्ये ती रेष दोन बोटं वर आली. त्या दिवशी घरात श्रीखंड झालं.

पर्थमध्ये लंडनपेक्षा जास्त पाऊस!

झाड तगलं कसं, हे समजून घ्यायचं तर एक गैरसमज आधी काढून टाकू. आपल्याला वाटतं ऑस्ट्रेलिया म्हणजे रखरखाट आणि लंडन म्हणजे सततचा पाऊस. पण आकडे बघा. लंडनला वर्षाला साधारण ६०० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे पुण्यापेक्षाही कमी. आणि बाल्गाच्या प्रदेशातलं मोठं शहर पर्थ? तिथे ७०० मिलिमीटरच्या पुढे. तोही बहुतेक हिवाळ्यातच. म्हणजे हिवाळी पाऊस या झाडाच्या ओळखीचा आहे.

मग अडतं कुठे? मातीत. पर्थच्या किनारपट्टीवर खोलच खोल वाळू आहे. पाऊस पडला की पाणी खाली पळतं. शिवाय तिथला हिवाळा तसा सौम्य. दुपारी पारा अठरा-एकोणीसच्या आसपास आणि पाऊस थांबला की स्वच्छ ऊन. हॅरोच्या पायाखाली मात्र 'लंडन क्ले', अस्सल चिकणमाती. तिने धरलेलं पाणी सुटत नाही. त्यात डिसेंबरातला दिवस आठ तासांहूनही छोटा. ऊन नाही म्हणून पाणी उडत नाही, आणि गारव्यामुळे झाड पाणी ओढत नाही. मुळं आठवडेच्या आठवडे गार चिखलात उभी. थोड्या वेळाची थंडी हे झाड काढतं, विशेषतः व्हिक्टोरिया, टास्मानियाकडची किंवा न्यू साउथ वेल्सच्या डोंगराळ भागातली प्रजाती असेल तर. पण थंडी अधिक ओल, हे कॉम्बिनेशन मारक. मधल्या झुबक्यात साचलेलं पाणी गोठलं तर वाढीचा कोंबच जातो, आणि या झाडाला बहुधा तो एकच असतो.

ओल आणखी एका कारणाने वाईट. 'फायटोप्थोरा सिनामोमी' नावाचा मूळकुजीचा रोगजंतू ओल्या मातीतून पसरतो. पश्चिम ऑस्ट्रेलियात त्याने जंगलंच्या जंगलं पोखरलीत. तिथे काही ठिकाणी पायवाटेच्या तोंडाशी बूट घासून स्वच्छ करायची सोय असते, जेणेकरून हा पाहुणा आपल्या तळव्याला चिकटून पुढे जाऊ नये. ग्रास ट्री त्याचं आवडतं गिऱ्हाईक.

म्हणून ताईने पहिल्या दिवसापासून झाड कुंडीत ठेवलं होतं. भरड वाळू आणि बारीक खडी जास्त, कंपोस्ट अगदी थोडं, आणि कुंडीखाली विटा. थंडीच्या रात्री झुबक्यावर फ्लीस, म्हणजे बागेसाठी मिळणारं पांढरं हलकं कापड. नोव्हेंबर ते मार्च वर तिरकं पारदर्शक छप्पर, बाजू मात्र उघड्या. घरात आणून हीटरशेजारी ठेवायचा मोह मात्र टाळायचा. कोरडी गरम हवा आणि अंधार याला मानवत नाही.

राणीचं काचघर आणि बेटावरची बाग

हेच काम मोठ्या प्रमाणावर कसं करतात ते बघायला ताईने मला क्यू गार्डन्सला पिटाळलं. डिस्ट्रिक्ट लाइनने क्यू गार्डन्स स्टेशन, तिथून पाच मिनिटं चालत. इथलं 'टेम्परेट हाउस' हे व्हिक्टोरियन काळातलं आजवर टिकलेलं सर्वांत मोठं काचघर. डेसिमस बर्टनने आखलेलं, १८६३ मध्ये उघडलेलं आणि २०१३ ते २०१८ अशी पाच वर्षं बंद ठेवून पुन्हा नवं केलेलं. पांढरे लोखंडी खांब, जिने, उंचावरची गॅलरी. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका अशा मध्यम हवामानाच्या देशांतली झाडं इथे राहतात. बाहेर पाणी गोठलं तरी आत गोठू देत नाहीत.

इथे एक सायकॅड आहे, 'एन्सेफॅलार्टॉस वुडाय'. १८९५ मध्ये दक्षिण आफ्रिकेत या जातीचं एकच नर झाड सापडलं. मादी आजवर मिळालेली नाही. जगभरात जी आहेत ती सगळी त्याच एकाची पिल्लं काढून वाढवलेली. वरून हीथ्रोची विमानं दर दोन मिनिटांनी जातात आणि खाली हे झाड शंभराहून जास्त वर्षं उभं आहे. घरापासून लांब राहणाऱ्या माणसाने त्याच्यासमोर फार वेळ थांबू नये, एवढंच सांगते.

पण काचघर म्हणजे सुरक्षित नोकरी. उघड्यावर जगायचं धाडस बघायचं तर सिली बेटांवर जायला हवं. लंडनच्या पॅडिंग्टनहून ट्रेनने पेन्झन्स, साधारण पाच तास. तिथून बोटीने पावणेतीन तासांत सेंट मेरीज आणि मग छोट्या होडीने ट्रेस्को. समुद्र खवळलेला असेल तर पोटाची परीक्षा. पण उतरल्यावर सगळं विसरायला होतं. १८३४ मध्ये ऑगस्टस स्मिथ नावाच्या माणसाने ही बेटं भाडेपट्ट्याने घेतली आणि मध्ययुगीन मठाच्या पडक्या भिंतींभोवती बाग सुरू केली. समुद्राच्या उबेमुळे इथे कडाक्याची थंडी क्वचितच. मोठा शत्रू वारा. म्हणून स्मिथने आणि त्याच्या वारसांनी आधी उंच झाडांची भिंत उभी केली आणि तिच्या आडोशाला जगभरातली झाडं लावली. दक्षिण आफ्रिकेची प्रोटिया, ऑस्ट्रेलियाची बँक्सिया, मेक्सिकोचे अगेव्ह. आपण इंग्लंडमध्ये आहोत यावर विश्वास बसत नाही.

आणि तरीही! जानेवारी १९८७ मध्ये या बेटावर बर्फ पडला आणि पाठोपाठ कडाक्याची थंडी. पिढ्यान्‌पिढ्या जपलेली झाडं काही दिवसांत काळी पडली. सावरत नाही तोच जानेवारी १९९० मध्ये वादळ आलं आणि वारा अडवणारी बहुतेक झाडं आडवी झाली. बाग पुन्हा लावावी लागली. आज जी दाट हिरवाई दिसते तिच्यातला मोठा भाग त्यानंतरचा. दीडशे वर्षांचा अनुभव, तरबेज माळी, उबदार समुद्र, सगळं असूनही एक वाईट आठवडा पुरतो. हॅरोच्या फरशीवरच्या कुंडीबद्दल मला अचानक फार आदर वाटायला लागला.

गूळ, आग आणि शेजारी

ऑस्ट्रेलियात ग्रास ट्री हलवून लावल्यावर ब्राउन शुगरचं पाणी घालायची पद्धत आहे. मुळांशी राहणाऱ्या बुरशीला खाऊ मिळतो, अशी त्यामागची समजूत. शास्त्रीय पुराव्यापेक्षा अनुभवाचा भाग जास्त. ताईने हे वाचलं आणि थेट कोल्हापुरी गूळ काढला. ''आपल्याकडे जीवामृतात गूळ घालतातच की,'' हा तिचा युक्तिवाद. झाड तगलं ते गुळाने की खडीने, यावर घरात अजून मतभेद आहेत.

जिजूंचा प्लॅन त्याहून डेंजर. या झाडाचं आगीशी जुनं नातं. जंगलात वणवा गेला की वाळका परकर जळतो, मधला कोंब घट्ट पात्यांच्या आत वाचतो आणि नंतर ग्रास ट्री हमखास फुलावर येतात. तिकडे नर्सरीवाले कधीकधी मुद्दाम परकर जाळतात. जिजूंनी बार्बेक्यूचा लायटर काढलाही होता. ''शेजारची आजी फायर ब्रिगेडला फोन करेल आणि पेपरात आपला फोटो येईल,'' या ताईच्या एका वाक्यावर तो कार्यक्रम बारगळला.

कुंडीत की जमिनीत?

जेवताना विषय निघाला तो दुसऱ्या झाडाचा. जिजूंना आणखी उंच बुंध्याचं एक हवं होतं. ताई तयार नव्हती. तिचं म्हणणं साधं होतं. मोठ्या बुंध्याची झाडं कुणी नर्सरीत बी लावून वाढवलेली नसतात. शंभर वर्षं थांबेल कोण? ती रानातून येतात. ऑस्ट्रेलियात रस्ते, खाणी, वसाहती यांसाठी जमीन साफ होते तिथली झाडं परवाना घेऊन काढली जातात, आणि ते ठीकच, नाहीतर ती बुलडोझरखाली जातील. पण मागणी वाढली की चोरूनही उपटली जातात. उपटलेलं प्रत्येक झाड जगतं असं नाही. ''शंभर वर्षं कार्डावर स्वाइप करता येतात, असं वाटतं आपल्याला,'' ती म्हणाली. त्यावर कुणी काही बोललं नाही.

तिने त्याऐवजी बी लावलं होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीत दह्याच्या रिकाम्या डब्यांमध्ये सहा रोपं. दिसायला अगदी दूर्वा! बी रुजायला त्रास देत नाही, पण जमिनीच्या वर बुंधा दिसायला निदान दहा-वीस वर्षं. भाचीने प्रत्येक डब्यात आइस्क्रीमची काडी खोचून त्यावर नावं लिहिली होती. ती सात वर्षांची. तिच्या झाडाला बुंधा दिसेल तेव्हा ती नोकरीला लागलेली असेल.

आणि मग खरा प्रश्न. मोठं झाड जमिनीत लावायचं का? जिजूंनी दक्षिणेकडच्या भिंतीला लागून विटांचा उंच वाफा बांधायला घेतला होता. चिकणमातीच्या वर गुडघाभर खडी आणि वाळू, ऊन भरपूर, भिंतीची ऊब. तांत्रिकदृष्ट्या एकदम परफेक्ट. पण या झाडाला मुळं डिवचलेली चालत नाहीत. एकदा जमिनीत गेलं की पुन्हा काढायचं नाही. कुंडी असेपर्यंत घर बदलता येतं, शहर बदलता येतं, 'पुढच्या वर्षी परत जाऊ' असं म्हणता येतं. अकरा वर्षं दोघं तेच म्हणत होते. वाफा अर्धा बांधून झाला होता आणि त्यावर दोन महिने ताडपत्री होती.

सप्टेंबरमध्ये ताईचा मेसेज आला. फोटोत वाफा पूर्ण, मधे झाड आणि बाजूला कुंडीच्या खापऱ्या. मुळांना धक्का नको म्हणून झाड ओढून न काढता जिजूंनी हातोडीने कुंडीच फोडली होती. मी हार्ट पाठवलं. इकडे मावशीने फोटो जवळ धरून नीट पाहिला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. म्हणाली, ''कुंडी फोडली म्हणजे आता येत नाहीत ती.'' मग म्हणाली, ''भिंतीजवळ लावलंय ते बरं केलं. वारा लागणार नाही.''

त्यानंतरच्या हिवाळ्यातही छप्पर घातलं, फ्लीस गुंडाळलं, नेलपॉलिशची नवी रेष काढली. पुढच्या उन्हाळ्यात ती सरकली. किती? साधारण दोन बोटं. मावशीला फोटो पाठवला गेला.

तुम्हालाही लावायचंय?

• पाणी थांबता कामा नये. भरड वाळू आणि खडी जास्त, साधी बागेची माती कमी. कुंडी खोल हवी, खाली विटा.

• जास्तीत जास्त ऊन द्या. थंड गावात दक्षिणेकडची भिंत सर्वांत उत्तम.

• फॉस्फरस जास्त असलेली खतं टाळा. ऑस्ट्रेलियातल्या गरीब मातीची याला सवय आहे.

• उन्हाळ्यात, वाढीच्या काळात पाणी द्या. हिवाळ्यात वरून येणारा पाऊस अडवा, हवा अडवू नका.

• मोठं झाड घेताना ते कुठून आलं ते विचारा. परवान्याचे आणि वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राचे कागद नसतील तर नको म्हणा.

• कुंडी बदलायची वेळ आली तर झाड ओढू नका. कुंडी फोडा.

बघायला जायचंय?

क्यू गार्डन्ससाठी अर्धा दिवस पुरत नाही, पूर्ण दिवस ठेवा. ट्रेस्कोसाठी निदान दोन रात्री हव्यात. पेन्झन्सची बोट सीझनमध्येच चालते आणि समुद्र कुणाचं ऐकत नाही. तेव्हा परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी बेटावर राहण्याचा शहाणपणा करू नका. आणि सोबत आल्याच्या वड्या असू द्या!